मागून येणाऱ्यासाठी

“हात हलवू नकोस. आकडा स्थिर होऊ दे आधी,” बाबा खाटेवरून म्हणाले.

मी स्टुलावर उभी होते. डाव्या हातात तापमापक, उजव्या हातात त्याची बारीक तार, आणि तारेचं टोक एसीच्या तोंडाशी, जिथून हवा बाहेर पडते तिथे धरलेलं. एसी चालू होता. हिरवा दिवा लागला होता, आतला पंखा फिरत होता, माझ्या कपाळावरचे केस वाऱ्यानं उडत होते.

“किती?”

“अडतीस.”

“आता वर धर. जिथून हवा आत ओढतो तिथे. जाळीला टेकवू नकोस, नाहीतर जाळीचं तापमान येईल.”

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माझं कामच तापमापक तपासण्याचं होतं. दवाखान्यांतले, कारखान्यांतले, औषधांच्या गोदामांतले तापमापक आमच्याकडे यायचे, आणि ते खरं सांगतात की नाही ते पाहून मी सही करायची. तरी त्या दुपारी मी आयटीआयच्या पहिल्या वर्षातल्या पोरासारखी बाबा सांगतील तसा हात फिरवत होते.

“किती?”

“अडतीस.”

“मग?”

“मग काही नाही. हवा जशी आत जाते तशीच बाहेर येते.”

“बरोबर,” बाबा म्हणाले आणि गळ्यातल्या ओल्या पंच्यानं त्यांनी मान पुसली.

ते अकोल्याच्या आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा वर्ग घ्यायचे. उमाळे सर. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण “मग?” म्हणण्याची सवय गेली नव्हती. हिवाळ्यात त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी मला आणि दादाला समोर बसवून सांगितलं होतं की औषधं आहेतच, पण यांना उन्हाळ्यात तापू देऊ नका. यांची खोली थंड राहिली पाहिजे. अकोल्याचा मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. नळाला पाणी कधीमधी यायचं आणि कूलरला तर दिवसभर पाणी लागतं. म्हणून मार्चमध्येच मी बाबांच्या खोलीत एसी बसवून दिला, खिडकीच्या फटी पट्ट्या चिकटवून बंद केल्या आणि निश्चिंत मनानं पुण्याला गेले.

एप्रिलमध्ये एसी बंद पडला. दादानं बोदडे मेकॅनिकला बोलावून दुरुस्त करून घेतला. त्यानंतर मी रोज फोन करायचे.

“बाबा, एसी चालू आहे ना?”

“चालू आहे.”

पण त्यांचा आवाज मला धाप लागल्यासारखा वाटू लागला. वाक्य मध्येच थांबायचं. वहिनीला विचारलं तर ती म्हणायची, “तसं बरं हाये बाप्पा. घाम येते थोडा.” एसीच्या खोलीत घाम का यावा हे मला कळेना. म्हणून दुरुस्ती नीट झाली आहे की नाही ते स्वतः बघायला रजा टाकून आले होते.

मी स्टुलावरून उतरले आणि भिंतीतून गॅलरीकडे जाणाऱ्या तांब्याच्या जाड नळीवर हात ठेवला. चांगल्या चालणाऱ्या एसीत ती गारठलेली असते. ती कोमट होती. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी कोरडी होती, पण विदर्भातल्या कोरड्या हवेत ती तशीही कोरडीच असते, त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं.

“बोदडेनं काय बदललं होतं?”

“कॅपॅसिटर,” बाबा म्हणाले. “मी बघितला. चांगला होता.”

“मग गॅस गळला असेल.”

“असेल,” बाबा म्हणाले. “न बघता बोलू नये.”

दादाचं दुकान घराच्या खालीच होतं. अरविंद कूलर्स. पत्र्याचे, फायबरचे, सगळ्या आकारांचे कूलर फुटपाथपर्यंत मांडलेले, आणि ओल्या वाळ्याचा वास. पाटीच्या बरोबर वर आमची गॅलरी, आणि गॅलरीच्या कठड्याला लागून एसीचा बाहेरचा डबा. रस्त्यावरून येणाऱ्या माणसाला आधी तो डबा दिसायचा, मग पाटी.

मी खाली गेले तेव्हा एक गिऱ्हाईक कूलरच्या जाळीवर टिचक्या मारत उभं होतं. पांढरं धोतर, डोक्याला उपरणं.

“हवा फेकते का पण चांगली?”

“काका, फुल रूम थंड. लिहून देतो,” दादा म्हणाला.

त्या माणसानं मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. “मंग वर कायले एसी लावला गा? बापाले एसी अन् आमाले कूलर?”

दुकानातला दुसरा माणूस हसला. दादाही हसला. “बहीण पुण्याले हाये ना, काका. तिनं हौसेनं लावला.”

“लावा ना, लावा. आमी पाह्यतो दुसऱ्या दुकानात.” आणि तो खरंच गेला.

मला वाटलं, घासाघीस करायची ही एक पद्धत असेल. मी दादाला तापमानाचं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला.

“त्या बोदड्यानं चुना लावला पाह्य. सरांचा विद्यार्थी म्हणून म्या त्याले बलावलं. थांब, आताच बलावतो.”

बोदडे तासाभरात आला. चाळिशीचा, बारीक, केस विरळ झालेला. खोलीच्या दाराशी चपला काढून तो आधी बाबांच्या पाया पडला.

“सर, तब्येत?”

“चालू आहे,” बाबा म्हणाले.

“ताई म्हणतात कूलिंग नाई.”

“ताईंनी मोजलं आहे. तिचं मोजमाप चुकत नाही. तू बघ.”

बोदडे गॅलरीत गेला, त्याच्यामागे मी. ऊन कठड्यावरून आत आलं होतं. बाहेरच्या डब्याचा पंखा फिरत होता, पण त्यातून येणारा वारा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापलेला नव्हता. मी डब्यावर तळहात ठेवला. कॉम्प्रेसर चालू असला की पत्रा आतून थरथरतो. इथे फक्त पंख्याची हलकी घरघर होती.

“कॉम्प्रेसर चालतच नाही,” मी म्हणाले.

“म्या लावला तवा चालत होता, ताई. सरांनी सोता हात लावून पाह्यला.” त्यानं खोलीतलं बटण बंद करायला लावलं, पेचकस काढला आणि बाजूचं झाकण सोडवलं. ते अर्धं उघडून त्यानं आत पाहिलं आणि तसाच बसून राहिला.

“काय झालं?”

त्यानं झाकण परत लोटलं. “काई नाई. माझीच चूक झाली, ताई. दोन मिनिटात करून देतो. तुमी आत बसा, ऊन हाये.”

दादा तेवढ्यात वर आला होता आणि खोलीच्या आतल्या दाराशी उभा होता. तिथून गॅलरीतली आमची पाठ तेवढी दिसत होती.

“चूक झाली म्हणे,” तो म्हणाला. “एक वायर नीट बसवता येत नाई तुले? कायचा मेकॅनिक तू? आमच्या बापाच्या जिवाशी खेळून राह्यला.”

“बरोबर हाये, दादा,” बोदडे खाली मान घालून म्हणाला.

“बरोबर काय बरोबर? इतके दिवस म्हातारा माणूस तापून राह्यला ना त्या खोलीत. साऱ्या गावात सांगतो तुझं नाव.”

मी बोदडेच्या हातावरून झाकण बाजूला केलं.

कॉम्प्रेसरकडे जाणारी एक वायर तिच्या जागेवरून काढलेली होती. सुटून पडलेली नव्हती, काढलेली होती. टोक पट्टीनं गुंडाळून बंद केलेलं, वायर मागे दुमडून स्वतःलाच लावलेली, आणि त्यावर पांढऱ्या दोऱ्याचे वेढे. वेढे एकमेकांना चिकटून, सारख्या ओढीनं घातलेले. गाठ नव्हती. दोऱ्याचं टोक वेढ्यांच्या खालून आत खोचलेलं होतं.

लहानपणी आमच्या घरात खेळण्यांपेक्षा वायरचे तुकडे जास्त होते. सुटी ठेवलेली वायर कशी बांधायची ते बाबांनी मला शाळेत जायच्या वयातच शिकवलं होतं. टोक झाक, मागे दुमड, दोरा गुंडाळ, गाठ मारू नकोस. आपल्या आपण सुटायला नको, पण ओढला की एका झटक्यात सुटला पाहिजे. वायर का काढली ते आपल्याला माहीत असतं, मागून येणाऱ्याला माहीत नसतं. त्याला ती सापडली पाहिजे.

हे ते वर्गातही शिकवत असत, म्हणजे बोदडेलाही येत असणार. पण बोदडेच्या पिशवीत काळ्या पट्टीची रिळं होती. वायरच्या टोकाला गुंडाळलेली पट्टी पांढरी होती, दवाखान्यात सलाईनची सुई हातावर बसवायला लावतात ती. बाबांच्या उशाच्या डब्यात तिचं रीळ असायचं.

बोदडेनं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं की मला कळलं. त्यानं अगदी थोडी मान हलवली, नको बोलू अशा अर्थानं.

दादाचं चालूच होतं. “सरांनी शिकवलं म्हणतो अन् असं काम करतो. लाज वाटाले पाह्यजे.”

“अरविंद,” खाटेवरून आवाज आला. “त्याला बोलू नकोस. वायर मी काढली.”

खाली कोणीतरी कूलरचा पंप लावून बघत होतं, त्याचा आवाज येत होता. मी वळून दादाकडे पाहिलं. बाबांनी असं काही सांगितल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे यायला हवं ते त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. मग मला आठवलं की झाकण लोटलेलं असताना, बोदडेनं नुसतं ‘चूक झाली’ म्हटलेलं असताना, दारात उभ्या असलेल्या दादानं वायरचं नाव घेतलं होतं.

“काय बाबा तुमी पण,” तो म्हणाला आणि जिना उतरून दुकानात गेला.

बोदडेनं पिशवी उचलली. बाबांनी त्याला जवळ बोलावलं. “माझ्यासाठी खोटं बोललास.”

“तुमच्यासाठी नाई, सर. मले वाटलं, घरचा मामला हाये.”

“दुरुस्ती चांगली केली होती तू.”

“हो, सर,” बोदडे म्हणाला. वायर न जोडताच तो गेला. ती कोणी जोडायची हे ठरवणं त्याचं काम नाही असं त्याला वाटलं असावं, आणि ते खरंच होतं.

मी दार लावलं आणि बाबांच्या पायाशी बसले. त्यांचे घोटे सुजलेले होते. बोटानं दाबलं की खळगा तसाच राहत होता.

“का?”

त्यांनी पाय आखडून घेतले.

“एसी बिघडला होता ना एप्रिलमध्ये, तेव्हा मी खाली दुकानात बसायचो, कूलरसमोर. लोक म्हणायचे, सरसुद्धा कूलरमध्येच बसतात. अरविंदचा तो आठवडा बरा गेला. मग बोदडेनं दुरुस्त केला आणि मी वर आलो. तो डबा वाजायला लागला की खाली माणसं मान वर करतात. तू ऐकलंस ना आज?”

“मग बंद ठेवायचा. खिडकी उघडून कूलर लावायचा.”

“आणि तू फोनवर विचारलंस की?”

मी खिडकीच्या फटीवरच्या पट्टीकडे पाहिलं.

“तू एवढ्या लांबून बसवून दिलास. स्टुलावर चढून फटी बुजवल्यास. तुला काय सांगू, की मी तो बंद ठेवतो? तू विचारायचीस, चालू आहे ना. चालू होता. पंखा फिरत होता, दिवा लागत होता. खोटं मी कधी बोललो नाही.”

“बाबा, बंद खोलीत नुसता पंखा. त्यापेक्षा रस्त्यावर झाडाखाली बसणं बरं. तुम्हाला हे कळत नव्हतं?”

“कळत होतं.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“तेही कळत होतं. पण डबा वाजला नाही की त्याचं चालतं. दिवा लागला की तुझं चालतं.” ते थांबले, श्वास घेतला. “मधे जेवढं जमेल तेवढं.”

“दादाला माहीत होतं.”

“रोज दोनदा चहा घेऊन येतो. न कळायला काय झालं?”

“काही बोलला नाही?”

“बोलला ना. पहिल्या दिवशी आला, इकडेतिकडे पाहिलं, गॅलरीत जाऊन आला.” बाबांनी पंच्याची घडी घातली, परत उलगडली. “म्हणाला, बरं झालं, बाबा.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

मी उठून गॅलरीत गेले. दोऱ्याचं टोक ओढलं. तो एका झटक्यात सुटला. पट्टी सोलून काढली, दोऱ्यासकट केरात टाकली, वायर जागेवर बसवली, झाकण लावलं. बटण दाबल्यावर थोड्या वेळानं पत्र्यातून थरथर माझ्या तळहातात आली. खाली रस्त्यावर कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि कोणीतरी हसलं.

मी पुन्हा स्टुलावर चढले.

“किती?”

“बाहेर पडते ती बावीस. आत जाते ती छत्तीस.”

“चौदाचा फरक,” बाबा म्हणाले. डोळे मिटलेले होते. गार झोत त्यांच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांवरून जात होता. “उत्तम.”

ते झोपले. इतक्या दिवसांत त्यांना अशी झोप लागली नव्हती, असं वहिनी नंतर म्हणाली.

संध्याकाळी दुकानात कोणी नव्हतं तेव्हा मी दादाकडे गेले. तो वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होता.

“एसी काढून टाकू,” मी म्हणाले. “मी उद्याच माणूस बोलावते. तू त्यांच्या खिडकीत चांगला कूलर लाव. पाण्याचा टँकर मागवू.”

“काढाचा नाई.”

“का?”

“इतके दिवस लोकाईनं पाह्यला तो. आता उतरवला तर काय म्हणतील? बहिणीनं देल्लेला एसी भावानं बापाच्या खोलीतून काढला. राहू दे तिथंच.”

“मग तो चालू राहील.”

“राहू दे ना. म्या कधी बंद केला? वायर म्या काढली का?” त्यानं पाण्याचा मग बादलीत टाकला. “तू जोडली ना? तू गेली का ते अजून काढतीन. मी काय हात धरून बसू त्यायचा?”

“तू त्यांना एकदा म्हण. म्हण की बाबा, माझं गिऱ्हाईक गेलं तर गेलं, तुम्ही एसी चालवा. तू म्हणालास तर ते ऐकतील.”

दादानं ताट्या सरळ केल्या. मग पलीकडच्या कूलरची जाळी पुसायला घेतली. “सीझन चालू हाये, सरू,” तो म्हणाला. “दीड महिन्याचा तर धंदा असते आमचा.”

मी बाबांना पुण्याला चला म्हणाले. ते हसले. मुलीच्या दारात खाट टाकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांची नसायची. मग मी सरळ विचारलं, “आता वायर काढणार नाही ना?”

“तू आहेस तोवर नाही,” ते म्हणाले.

रजा संपली त्या सकाळी मी त्यांच्या उशाच्या डब्यातून पांढऱ्या पट्टीचं रीळ काढलं आणि त्यांचा लाकडी मुठीचा पेचकसही पर्समध्ये टाकला. ते बघत होते. खाली दुकानभर पेचकस होते.

पुण्याहून मी रोज फोन करत राहिले. काय विचारायचं ते मला आता नीट माहीत होतं. कॉम्प्रेसर चालतो का, नळी गार आहे का, असं विचारायचं. पण असं विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, आणि मग त्यांना निवडावं लागलं असतं, एक तर मी, नाहीतर दादा. म्हणून मी तब्येत विचारायचे.

मृगाच्या आधी, उन्हाळा उतरायच्या आतच ते गेले. दुपारी झोपेतच, असं वहिनीनं कळवलं. वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा कळलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेराव्याची ती दुपार मात्र मला सगळ्यात स्पष्ट आठवते. भेटायला आलेली माणसं बाबांच्या खोलीत बसवली होती. खाट काढून सतरंजी घातली होती. पडदे ओढलेले, एसी चालू. मी दारातून आत पाऊल टाकलं तर पायाला फरशी गार लागली.

भिंतीला टेकून दादा बसला होता. त्याचं नुकतंच मुंडण झालेलं होतं. तो कोणाला तरी सांगत होता, “बहिणीनं बसवून देल्ला होता. शेवटच्या दिवसापर्यंत थंडीत झोपले बाबा. कायची कमी नाई पडू देल्ली आम्ही.”

“पुण्यवान होते सर,” तो माणूस म्हणाला. “नाहीतर या उन्हाळ्यात कोणाचं एवढं नशीब असते?”

पंगत बसली तेव्हा मी गॅलरीत गेले. पर्समधून बाबांचा पेचकस काढला आणि झाकण सोडवलं.

वायर जागेवर होती. तिच्या टोकाशी नवीन काळी पट्टी गुंडाळलेली होती, चमकदार, अजून धूळही न बसलेली. डब्याच्या तळाशी, पत्र्याच्या कोपऱ्यात, आणखी एक पांढरा दोरा पडला होता. वेढे सुटले होते, पण दोऱ्यानं आपली वळणं सोडली नव्हती. गाठ नव्हती. ओढला की सुटेल असाच तो बांधला होता, आणि मागून येणाऱ्याला तो सापडला होता.

मी दोरा मुठीत घेतला आणि झाकण लावून आत आले.

दादानं हात वर करून एसीच्या झोतात धरला. “सरू,” तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “पाह्य ना जरा. नीट चालू हाये ना? तुले समजते त्यातलं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“चालू आहे,” मी म्हणाले.